ताप यायला ताकद लागते

म्हातारा देह आयुष्यभराच्या अनुभवाने शहाणा झालेला असतो आणि आपलं दुखणं तो स्वतःहून सांगतो, अशी आमच्या घराण्याची जुनी श्रद्धा आहे. ती तपासायला आमच्याकडे एकच साधन आहे: काखेत लावायचा थर्मामीटर.

गेल्या ऑक्टोबरात अक्का जेवेनाशी झाली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. ती माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहते आणि आपण माझ्यावर लक्ष ठेवतो असं समजते. मी थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव. पुन्हा लावला. सत्त्याण्णवच. ‘ताप नाही, म्हणजे काही नाही,’ असा निकाल देऊन मी पेपर वाचायला बसलो.

आमच्या रत्नागिरीत आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि दारात माड असल्यावर दुसरं काही सुचतही नाही. तीन दिवसांत पडवीत अकरा शहाळी जमली. मी कोयत्याने ती फोडत होतो आणि अक्का निमूटपणे पीत होती. अक्काने काहीही निमूटपणे करावं, इथेच खरं तर मला शंका यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “अण्णा बंदरावरून आले काय रे?”

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. “येतील एवढ्यात,” म्हणालो आणि रिक्षा बोलावली.

इस्पितळातले डॉक्टर माझ्या मुलाहून लहान होते. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट समोर घेऊन त्यांनी विचारलं, “ताप किती दिवस होता?”

“नव्हताच. मी रोज पाहत होतो.”

“लघवीत चांगलंच इन्फेक्शन आहे, आजोबा. या वयात, किडन्या अशा थकलेल्या असताना, ताप यायलाही ताकद लागते. खाल्लं काय त्यांनी?”

“काहीच नाही. फक्त शहाळ्याचं पाणी. रोज तीन-चार.” हे मी थोडं अभिमानाने सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, आणि फार साठलं तर हृदय बंद पडतं, असं त्यांनी समजावलं. औषधं सुरू केली होती. संध्याकाळपर्यंत पोटॅशियमचा आकडा उतरला नाही तर डायलिसिस.

मी खाटेशेजारच्या बाकावर बसलो. माझ्या समजुतीप्रमाणे किडनी पाण्याचं खातं सांभाळते आणि प्रतिकारशक्ती जंतूंचं. दोन्ही खात्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नसावा. डॉक्टर सांगत होते की किडनी थकली की रक्तात घाण साठते आणि लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. मी ते रिपोर्टच्या पाकिटामागे बाण काढून लिहून घेतलं. मग बाण कुठून कुठे जातो तेच कळेना.

“म्हणजे किडनी बिघडली म्हणून जंतू शिरले, की जंतू शिरले म्हणून किडनी बिघडली?”

“दोन्ही,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या वहिनी आल्या. हातातल्या पिशवीत दोन शहाळी.

“वहिनी, ही परत न्या. डॉक्टरांनी बंद केलंय.”

“शहाळं? अहो भाऊ, शहाळं कधी कोणाला बाधलंय काय? ते सलाईन लावलंय ना, ते तरी दुसरं काय असतं?”

त्या बाटलीत काय आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी शहाळी वॉचमनने प्यायली. त्याच्या किडनीबद्दल मी चौकशी केली नाही.

संध्याकाळचा रिपोर्ट यायला सात वाजले. आकडा उतरला होता. थोडाच, पण डायलिसिस टळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने डोळे उघडून मला नीट न्याहाळलं.

“असा काय बसलायस? कोण मेलं?”

मला रडू आलं. ते तिने पाहिलं नसावं, कारण तिने त्यावर टोमणा मारला नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुढेमागे डायलिसिसची वेळ येऊ शकते, त्यात रक्तातून काविळीची लागण होण्याची भीती असते, तेव्हा तिची लस आताच घेऊन ठेवा. अशा माणसांना डोस दुप्पट लागतो, म्हणून दोन्ही दंडांत. एवढं करूनही शरीर दाद देईलच असं नाही. सगळे डोस झाल्यावर रक्त तपासून बघायचं.

“आणि नाहीच दिली दाद तर?” मी विचारलं.

“पुन्हा द्यायची.”

लस दिली. दुसऱ्या दिवशी अक्काचा डावा दंड दुखत होता, उजवा नाही. मी डॉक्टरांना फोन करून याचा अर्थ विचारला. त्यांनी सांगितलं, यावरून काहीच कळत नाही.