परत घ्यायच्या तीन चाली

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधले किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. माझी बाल्कनी बरोबर वर आहे, आणि डाळ निवडायला तिथंच उजेड चांगला येतो, त्याला मी काय करणार? डाळीत खडे कमी निघतात, खालून किस्से जास्त येतात!

खाली रोज दोघं बुद्धिबळ मांडून बसतात. एक जाधव साहेब, सरकारी ऑफिसातून रिटायर. दुसरे सलीमभाई, शहागंजात त्यांचं घड्याळाचं दुकान, आता पोरगा बघतो. यांचा नियम असा, की वयानं मोठा असेल त्याला डावात तीन चाली परत घेता येतात. लहान असेल त्यानं मोहऱ्याला हात लावला की चाल झाली!

मोठे कोण? जाधव साहेब. चार महिन्यांनी. नियम कुणी केला ते मी सांगायला पाहिजे का?

*

एकदा साहेबांनी चौथी चाल परत घेतली.

सलीमभाई म्हणाले, "साहेब, ये चौथी है."

"मागच्या डावातली एक शिल्लक होती. ती ह्यात धरली!"

सरकारी माणूस. रजा साठवायची सवय कुठं जाणार?

*

साहेबांची बायको शकुंतला वहिनी. त्यांची आई गंगापूरला एकटी राहते. घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. शेजारणी भाकरी देतात, पण उठवायला-बसवायला माणूस नाही. वहिनींना दोन महिने तिकडं जायचंय. रोज विचारतात. साहेबांचं रोज एकच उत्तर,

"वजीर हलला की राजा उघडा पडतो."

राजाला गॅस पेटवता येत नाही. उघडा पडतो हे खरंच आहे म्हणा!

*

साहेबांचं लेक्चर तर मला पाठ झालंय. "आयुष्य म्हणजे बुद्धिबळ! लहानपणी माणूस प्यादं, एकेक घर पुढं. तरुणपणी घोडा, नुसत्या उड्या. संसारात पडला की हत्ती, नाकासमोर चालायचं. आन साठीनंतर राजा! आपण जागेवर बसायचं, बाकीच्यांनी सांभाळायचं."

एकदा हे बोलताना साहेबांनी वर न बघता रिकामा कप पुढं धरला. वहिनींनी तो नेला, भरून आणला. तिसऱ्या मजल्यावरून. त्या दिवशी लिफ्ट बंद होती!

*

मी वरूनच विचारलं, "साहेब, वजीर तर पटावर लई फिरतो म्हणे. वहिनी शेवटच्या कुठं फिरल्या?"

साहेबांनी बराच विचार केला. "क्रांती चौकात गेली होती की! डॉक्टरकडं."

"त्यांना काय झालं होतं?"

"तिला कशाला काय होतंय? माझा दात काढायचा होता."

*

मधे वहिनी एका लग्नाला गेल्या. एकच दिवस. साहेबांनी खिचडी लावली आणि अर्ध्या तासानं त्यांच्या बाल्कनीतून मला हाक मारली, "वहिनी, कुकरची शिट्टी का होत नाय हो?"

"पाणी किती घातलं?"

"पाणी घालायचं असतं व्हय?"

संध्याकाळी सलीमभाईंच्या घरून डबा आला. तो पुसून खाऊन साहेब म्हणतात कसे, "बघा सलीमभाई, बाकी सगळे मोहरे मरतात. राजा कधी मरत नाय!"

*

परवा डाव रंगात होता. सलीमभाईंनी शह दिला होता, साहेब हनुवटी खाजवत बसले होते. तेवढ्यात वहिनी जिना उतरल्या. हातात बॅग. गेटवर रिक्षा.

"कुठं?"

"गंगापूर. आईनं चार दिवस अंघोळ केली नाय. कुकर लावून ठेवलाय, पाणी घातलंय."

साहेब उठले नाहीत. मोठ्या मनाच्या माणसासारखं हसले. "अगं, घाईत चाल केली की अशी चुकते. मी काय रागवत नाय. बॅग वर ने. घे परत."

वहिनींनी बॅग रिक्षात ठेवली, पदर आवरून बसल्या.

"परत मोठ्यानं घ्यायची असती. मी तुमच्याहून सहा वर्षांनी लहान हाय. मी हात लावला, चाल झाली."

रिक्षा गेली. साहेब गेटकडं बघत राहिले. मग वर, माझ्याकडं. मी डाळीत तोंड घातलं.

सलीमभाईंनी पटावरची नजर काढली नाही.

"साहेब, शह अजून तसाच हाय."