टीव्हीमागच्या पांढऱ्या पट्ट्या

माझ्या धाकट्या भावाच्या, सुहासच्या घरी टीव्हीमागे वायरींचं जंगल आहे आणि प्रत्येक वायरीवर पांढऱ्या पट्टीवर त्याचं बारीक अक्षर. कंपनीत तो सर्व्हर सांभाळायचा. तिथे प्रत्येक वायरीला नाव लागतं, ती सवय त्याने घरी आणली. 'आईचा रेडिओ.' 'सईचा अभ्यासाचा दिवा', म्हणजे त्याच्या लेकीचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "ताई, मी घरी नसताना यांचं अडायला नको."

दोन महिन्यांपूर्वी तो ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

आज इंटरनेटचा माणूस बंद पडलेला वाय-फायचा डबा बदलायला आला. एक काळी वायर हातात धरून थबकला. "हिच्यावर लिहिलंय, 'मला विचारल्याशिवाय काढू नये.' कोणाला विचारू?"

सुहासची बायको मीनल ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला सुहासचा भयंकर राग आला. सगळं लिहून ठेवलंस, आणि नेमकं हेच तेवढं स्वतःजवळ ठेवलंस? घरी नसणं त्याने गृहीत धरलं होतं. मुळात नसणं कधी त्याच्या मनातच आलं नसावं. आपल्यापैकी कोणाच्या येतं?

"राहू द्या ती," मीनल म्हणाली.

"काढल्याशिवाय नवा डबा बसणार नाही, ताई."

तिने पदराला हात पुसले. "मग काढा."

त्याने वायर ओढली. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. फ्रिज चालू होता, पंखा फिरत होता, आतल्या खोलीत आईचा रेडिओ बोलत होता.

घरातलं काहीच बंद पडलं नाही.