हवालदारांची चिनी बरणी

गोठ्यात जाण्याआधी हवालदार रोज बरणी पुसत. कोरेगावात ते आमच्या शेजारी राहायचे. युद्ध संपल्यावर ब्रह्मदेशातून आले ते वळकटीत ही चिनी बरणी गुंडाळूनच. गुडघ्याएवढी, तपकिरी, गळ्याशी चार कान आणि पोटावर पाय असलेला साप. सोप्यात चौरंगावर तिची स्थापना झाली. नागपंचमीला बायकांनी तिच्यापुढे लाह्या ठेवल्या, तेव्हा कधी नव्हे ते हवालदार हसले.

सांगलीचे एक वकील बरणी बघून म्हणाले, "फार जुनी दिसते. आमच्या दिवाणखान्यात शोभेल."

"हितंबी शोभाच हाय," म्हणून हवालदार फडकं पिळायला उठले.

त्यांच्या शेवंताबाईंना शोभा काय करायची होती? मडक्यातलं कैरीचं लोणचं दर श्रावणात बुरसायचं, आणि समोर ही ठणठणीत बरणी रिकामी. "मागून मागून दमले बगा ताई," त्या म्हणायच्या. मलाही संताप यायचा. मेली कसली ही मिजास!

एकदा मी तोंडावर विचारलंच, "भावजी, बायकोपेक्षा बरणी मोठी झाली का?"

ते खाली बसले. "वैनी, रंगूनजवळ एका चिन्याचं घर व्हतं. मानसं पळाल्याली. बरणीत कसल्यातरी पाल्याचं लोणचं. आमी दोन दिस उपाशी, खाल्लं. उरल्यालं मी वतून दिलं आन् बरणी उचलली. भुकंला खाल्लं त्येचं काय न्हाई. पर वतलं कशापायी? कुना बाईनं राबून घातलं आसंल. आता त्यात दुसरं घालाया मन धजत न्हाई."

"मग शेवंताबाईंना सांगा की."

"तीबी लोणचं घालतीच की, वैनी. कुठल्या तोंडानं सांगू?"

शेवंताबाईंजवळ ते हे शेवटपर्यंत बोलले नाहीत. फाल्गुनात थकूनच गेले म्हणायचे. आजार असा नव्हताच.

माणूस गेलेल्या घरात वर्षभर लोणचं घालत नाहीत, म्हणून ते मी घालणार होते. शेवंताबाई बरणी कडेवर घेऊन आल्या. "यातच घाला. आता अडवणारं कोन हाय?"

गळ्यापर्यंत भरून तोंडाला फडक्याचा दादरा बांधताना मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. मला रडू आलं.

"म्हंजी औंदाबी दुसऱ्या बाईचंच लोणचं आलं यात," त्या म्हणाल्या. पदरानं बरणी पुसली, पुन्हा कडेवर घेतली.

"ताई, खारट हू दे न्हाई तर आंबू दे, यातली एक फोड वतायची न्हाई मी."