दुसऱ्या नंबरचा कुत्रा

नेव्हिल पास्कोच्या पोटात दुखायचं ते वर्षातून एकदा, मेंढ्या हाकायच्या शर्यतीच्या दिवशी. तीन मेंढ्या, एक कुत्रा आणि मालकाची शीळ. मेंढ्या फाटकाआड कोंडल्या की खेळ संपला. कुंपणापलीकडच्या अर्नी ट्रेगेन्झाची टॅन्सी दरवर्षी पहिली यायची आणि नेव्हिलचा बोसन दुसरा. शेवटचा नंबर आला तर माणूस हसून सोडून देतो. दुसरा नंबर आतून कुरतडतो.

"त्याच्या कुत्रीकडे बघतोस तेवढं कधी माझ्याकडे बघ," बायको बेरिल म्हणायची.

यंदा मात्र नेव्हिलने लाज गुंडाळून ठेवली आणि बिअरच्या बाटल्या घेऊन अर्नीची ओसरी गाठली.

"खरं सांग, तिला घालतोस काय?"

त्याच्या या चौकशांना अर्नी विटला होता. "काही नाही रे. मेंढ्यांना गोचिडांच्या औषधात बुचकळून झालं, की हौदात उरलेल्या औषधात हिलाही टाकतो. पिसवा जातात, खाजवणं थांबतं, सगळं लक्ष कामावर."

नेव्हिलला ते लगेच पटलं. उरलेलं औषध वाया कशाला, म्हणून आमच्याकडे कुत्रे बुडवणारे होतेच. पण अर्नी उरलेलं वापरतो ना, मग आपण ताजं वापरू, असं त्याच्या जळक्या डोक्याने घेतलं. शर्यतीच्या आधी आठवडाभर रोज, कडक औषध कालवून. दुसऱ्याच दिवसापासून बोसन शेडखाली दडायला लागला. नेव्हिल त्याला पट्ट्याला धरून ओढायचा.

"अरे, त्याची लाळ गळतेय," बेरिल म्हणाली.

"जिंकायची भूक आहे ती."

शर्यतीत नेव्हिलने शीळ घातली. बोसन धावला आणि मैदानाच्या मधोमध थांबला. पाय लटपटत होते. समोरच्या मेंढ्या त्याला ओळखूच येईनात. एक मेंढी पुढे येऊन त्यालाच हुंगू लागली, तसे लोक खो खो हसले.

अर्नी हसला नाही. त्याने कुंपणावरून उडी टाकली, बोसनला उचलून नळाखाली नेलं आणि साबणाने खसाखसा धुतलं.

"काय लावलंस ह्याला?"

"तू सांगितलंस तेच."

अर्नीचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे गाढवा, थट्टा केली होती मी! टॅन्सीला त्या हौदाजवळ फिरकूसुद्धा देत नाही."

जनावरांच्या डॉक्टरच्या इंजेक्शनांनी बोसन वाचला. पण आता नेव्हिलचा हात पुढे आला की तो अंग चोरून मागे सरतो. सकाळ झाली की कुंपणाखालून सरपटत अर्नीकडे जातो. अर्नी बिचारा संध्याकाळी त्याला आणून सोडतो, आणि सकाळी हा पुन्हा तिकडेच. शर्यतीच्या कपावरून जळणं परवडलं होतं. आता ओसरीवर बसून बोसनचे कान खाजवणारा अर्नीचा हात नेव्हिलला रोज बघावा लागतो.

"हाक मार की त्याला," अर्नी परवा तिकडून ओरडला.

नेव्हिलने शीळ घातली.

टॅन्सीने मान वर करून पाहिलं. बोसनने नाही.