झाडे उपटणारी माळीण

माळीण म्हटले की झाडे लावणारी बाई डोळ्यांसमोर येते. खाणीवरच्या या माळणीला मात्र झाडे उपटण्यासाठीच नेमलेले होते, आणि ते काम ती इतक्या इमानाने करी की कामगारवस्तीत ‘उपटमावशी’ हेच तिचे नाव होऊन बसले. तिला त्याचा राग नव्हता. “लावणारे सतराशे साठ आहेत,” ती म्हणे, “उपटायला छाती लागते!”

तिचा अंमल चाले तो खाणीमागच्या सपाट माथ्याच्या टेकाडावर. टेकाड कसले, हलक्या प्रतीच्या युरेनियम खनिजाचा तो ढीग होता. त्या दगडांतून धातू काढणे परवडत नव्हते आणि ते उघड्यावर टाकणे तर कुणालाच परवडणारे नव्हते. म्हणून दगडांवर चिकणमातीचे जाड आच्छादन दाबून बसवले होते. त्यावर वीतभर साधी माती आणि सर्वांत वर गवत. पाऊस आत शिरू नये आणि आतला किरणोत्सारी वायू बाहेर पडू नये, याची सारी भिस्त त्या चिकणमातीवर. गवताची मुळे वरच्यावर राहतात; झाडाची मुळे ओल शोधत खाली उतरतात आणि मातीला भोके पाडतात. त्या भोकांतून पाणी आत जाणार, दगड धुऊन उताराखाली झिरपणार. उताराखाली विहीर होती आणि मावशीची लेक व नात त्याच विहिरीचे पाणी पीत होत्या. म्हणून पाखरांनी टाकलेले एखादे बी ढिगावर रुजले, की ते बोटभर असतानाच मावशी मुळासकट काढी.

ती चिकणमाती दाबली होती तिच्याच नवऱ्याने, रोलर चालवून. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो घरात खिडकीशी बसून ढिगाकडे बघत असे, जणू ढीग त्याच्या परवानगीवाचून हलणार होता.

ढिगाच्या पायथ्याशी एक फलक होता: ‘येथे गवताखेरीज काहीही लावू नये.’ तो पर्यावरण अभियंत्यानेच रंगवून घेतला होता. नियम सर्वांना पाठ होता. पण नियम पाठ असणाऱ्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरवायची, ही मोठ्या आस्थापनांची जुनी रीत आहे.

नवे व्यवस्थापक आले आणि त्यांना ढीग बोडका दिसला. लवकरच वरिष्ठ पाहुणे येणार होते. त्यांच्या हस्ते ढिगावर वृक्षारोपण करायचे ठरले. मावशीला कचेरीत बोलावणे आले. कचेरीत गारवा होता, जमिनीवर गालिचा होता आणि कोपऱ्यातल्या कुंडीत प्लास्टिकचे झाड होते. अभियंता भिंतीला टेकून उभा होता.

“मावशी, ढिगावर खड्डे मारून घ्यायचे. गुडघाभर खोल,” व्यवस्थापक म्हणाले.

“गुडघाभर म्हणजे चिकणमातीच फुटणार की, साहेब.”

“थोडी फुटेल. नंतर बघू. टेकडी हिरवी दिसायला नको का?”

“हिरवीच पाहिजे ना? मग हे न्या.” मावशीने कोपऱ्याकडे बोट केले. “याला मुळं नाहीत. पाणीही मागत नाही. फक्त धूळ तेवढी पुसा.”

अभियंत्याला हसू आले. ते त्याने खोकल्यात लपवले. मावशी त्याच्याकडे वळली. “तुम्ही बोला की! फलक तुमचाच आहे ना?” तो गालिच्याकडे बघत राहिला. जाणणे आणि बोलणे यांच्यामध्ये त्याची बढती आडवी पडली होती.

“जमत नसेल तर ठेकेदाराची माणसं खड्डे मारतील,” व्यवस्थापक म्हणाले, “आणि तुम्ही घरी बसा.”

घरी नवऱ्याने सगळे ऐकून घेतले. “नोकरी घालवून बसशील,” तो म्हणाला. “जरा तोंडाला आवर घाल.”

“अहो, तुम्ही दाबलेली माती आहे ती.”

“माती म्हातारी झाली. मीही झालो.”

“तुम्ही झालात. तिला अजून पुष्कळ जगायचंय.”

त्याने खिडकी लावून घेतली आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडली.

समारंभाच्या सकाळी ढिगावर मांडव उभा होता. ‘हिरवी टेकडी, निरोगी पिढी’ असे छापलेले भले मोठे कापड नेमके त्या फलकावर ताणून बांधले होते. ठेकेदाराच्या माणसांनी ओळीने खड्डे मारले होते आणि प्रत्येकाच्या तळाशी पिवळी चिकणमाती उघडी पडली होती. पाहुण्यांची गाडी थांबताच मावशी पुढे झाली, पहिल्या खड्ड्यात उतरली आणि हातात खुरपे घेऊन तिने खाली बैठक मारली.

“मावशी, बाहेर या!” व्यवस्थापक दात आवळून पुटपुटले.

“मी बसलेय ना? आता लावा इथं झाड. माझ्या डोक्यावर लावा.”

“ह्या कोण?” पाहुण्यांनी विचारले.

“मी इथली माळीण. याच्याखाली युरेनियमचे दगड आहेत, साहेब. या मातीतून झाडाचं मूळ गेलं की पाणी गेलं, आणि ते पाणी माझ्या नातीच्या पेल्यात येणार. खोटं वाटत असेल तर त्या कापडामागचा फलक वाचा.”

पाहुण्यांनी अभियंत्याकडे पाहिले. “ही म्हणते ते खरं आहे?”

सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. त्याने एकदा व्यवस्थापकांकडे पाहिले, एकदा खड्ड्यात बसलेल्या बाईकडे.

“खरं आहे,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की मावशी ओरडली, “जोरात! मागच्यांना ऐकू आलं नाही!”

“खरं आहे, साहेब!”

पाहुण्यांनी पुढे काही शौर्य गाजवले असे नाही. त्यांनी घड्याळ पाहिले आणि लावायला आणलेले रोप फाटकाजवळ लावून, फोटो काढून घेऊन ते निघून गेले. मावशी मात्र खड्ड्यातून हलली नाही. “माती आणल्याशिवाय उठणार नाही,” तिने बजावले. अखेर अभियंत्याने चिकणमातीची गाडी मागवली. तेवढ्यात उतारावरून काठी टेकत, धापा टाकत नवरा आला. खांद्यावर माती ठोकायचे धुम्मस होते.

“एकदम ओतू नका रे!” तो ठेकेदाराच्या माणसांवर खेकसला. “पातळ थर टाका, ओला करा, ठोका, मग दुसरा. घाई असेल त्यानं घरी जावं.”

दिवस मावळेपर्यंत सारे खड्डे बुजले.

दुसऱ्याच दिवशी मावशीची ढिगावरून उचलबांगडी झाली. तिला फाटकाजवळच्या बागेत नेमले. पाहुण्यांच्या झाडाला पाणी घालण्याची ही शिक्षा होती. ती ते झाड मन लावून वाढवते. “त्याच्याशी माझं भांडण नाही,” ती म्हणते. “ते आपल्या जागी आहे.”

पण कामावर रुजू होण्यापूर्वी ती ढिगावर चक्कर मारतेच. “मावशी, तुमची ड्युटी इथं नाही,” पहारेकरी सांगतो. “मग अडव की!” ती म्हणते, आणि तो बाजूला होतो. रोज सकाळी व्यवस्थापक कचेरीत येतात, तेव्हा त्यांच्या खिडकीच्या कठड्यावर नुकतेच उपटलेले एक रोप ठेवलेले असते. पाने बाहेरच्या बाजूला आणि मुळे आत, त्यांच्या खुर्चीकडे.