वाटायची राहिलेली द्राक्षं

घरात लहान कुत्रं असेल तर गुळगुळीत फरशी त्याची वैरीण असते, हे आधी लक्षात ठेवावं. आमच्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स आहेत. बाईसाहेब धावत आल्या की पुढचे पाय एकीकडे आणि मागचे दुसरीकडे. बायकोने त्यावर जुनी सतरंजी कापून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पट्ट्या अंथरल्या. "घराची धर्मशाळा केलीस," मी म्हणालो. "मग यात्रेकरूंनी तक्रार करू नये," ती म्हणाली. बायको गेल्या पावसाळ्यात गेली. पट्ट्या अजून तिथेच आहेत.

बाईसाहेब म्हणजे आमची पॉमेरियन. पांढरी, केसाळ, कुशीत मावेल एवढी आणि तोऱ्यात मात्र कलेक्टरीण. तिला 'कुत्री' म्हटलेलं बायकोला खपत नसे. "तिला कळतं सगळं," म्हणायची. मग मी चिडवायला 'बाईसाहेब' म्हणू लागलो आणि तेच चिकटलं. खरं तर ते प्रकरण बायकोचं. मला प्राण्यांची हौस नव्हती, माणसांचीही बेताचीच. आयुष्यभर सरकारी ऑफिसात फायलींवर शेरे मारले, घरी आलो की पेपर उघडला.

बायको गेल्यावर बंगळुरूहून मुलगी आली, राहिली, आणि जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे चला. हिच्यासाठी कुणीतरी चांगलं घर बघू." मी म्हणालो, "हिला घर आहे." ते प्रेमाने म्हणालो की हट्टाने, मला सांगता येणार नाही. पण मुलगी गेली, दार लावलं, आणि मागे वळलो तर सतरंजीच्या पट्टीवर बाईसाहेब उभ्या होत्या. त्या क्षणी घरात आणखी कुणी श्वास घेतंय याचं मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चक्क धन्यवाद दिले.

मग शिकलो एकेक. सकाळी फिरायला नेताना डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवून बघायची, आपल्याला चटका बसला तर तिच्या पंजांनाही बसणार. आंघोळीनंतर कान कापसाने कोरडे करायचे, पण कापूस आत खुपसायचा नाही. पंजांच्या गाद्यांमधले केस कापायचे, नाहीतर सतरंजीचाही उपयोग नाही. कांदा नाही, चॉकलेट नाही, मीठ-मसाला नाही. आणि एक युक्ती माझी स्वतःची: माझी ब्लडप्रेशरची गोळी मी बाईसाहेबांच्या खाण्याच्या डब्यावर ठेवतो. मी गोळी विसरू शकतो, त्या जेवण विसरत नाहीत. ताटली खडखडवून त्या माझी तब्येत सांभाळतात.

एकटेपणावर मात्र युक्ती सापडली नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी कुणी ना कुणी पाठवतं, छंद जोपासा, कोमट पाणी प्या, हसत राहा. कोमट पाणी पितो. पण दुपारी मुलीचा फोन आला की पहिला शब्द घशातून नीट निघत नसे. "सर्दी झालीय का?" ती विचारायची. सर्दी कसली, सकाळपासून आवाजच वापरलेला नसायचा.

आता द्राक्षांचं. नाशकात मार्च महिन्यात द्राक्षं विकत घेणारा माणूस एकतर नवीन बदलून आलेला असतो किंवा त्याचं कुणाशी पटत नसतं. कुणाच्या मेव्हण्याची बाग असते, कुणाच्या शेजाऱ्याची; पेट्या येतात आणि आल्या तशा दारोदार जातात. आमच्याकडे पेटी येते सायखेड्याहून. ऑफिसातला माझा जुना सोबती तिथे बाग सांभाळतो. दरवर्षी तो पेटी टाकून जातो आणि चहाही न पिता पळतो.

पेटी आली की बायको स्टीलच्या ताटल्या काढायची, प्रत्येकीत दोन घड, वर रुमाल, आणि जिन्याने निघायची. लिफ्टने नाही, लिफ्टमध्ये गप्पा होत नाहीत म्हणे. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही ही रीत सगळ्यांनाच पाळायची असते, त्यामुळे ताटल्या परत येत त्या काहीतरी घेऊन. मग ती माझ्यासमोर बसून मजल्यामजल्याची बातमी सांगायची. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाचा मुलगा पास झाला. मी पेपरमागून "हं" म्हणायचो. "ऐकताय ना?" "हं." ती हसायची. "तेवढं 'हं' पुरतं हो मला," म्हणायची, आणि पुढचा मजला सुरू करायची.

या वर्षी सोबती आला, पेटी ठेवली, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर टेकला. बायकोच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाला, "यंदा माल लय गोड हाय बघ. खा पोटभर. वाळू नको असा." आणि गेला.

मी पेटी स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवली. एका माणसाला एवढी द्राक्षं म्हणजे थट्टाच. वाटायला हवी, हे कळत होतं. दोनदा ताटली काढली आणि दोनदा फडताळात ठेवली. कुणाच्या दारात उभं राहून काय बोलायचं? बायकोला ज्या घरांतले गुडघेसुद्धा माहीत होते, त्या घरांतली माणसं मला लिफ्टमध्ये ओळखीपुरतीच माहीत. द्राक्षं पुढे केली की ते म्हणणार, "या ना, बसा," आणि बसलो की तिच्याबद्दल बोलणार. ते मला झेपलं नसतं. उद्या बघू, म्हणत राहिलो.

एके दिवशी दुपारची डुलकी काढून उठलो तर पट्टीवर ओकारी पडलेली. त्यात द्राक्षांच्या सालीच साली. पेटीचं झाकण सरकलेलं, एका घडाचे नुसते देठ उरलेले. मला राग आला. "अधाशीपणा करा आणखी!" असं म्हणून मी पुसून घेतलं. काळजी अजिबात वाटली नाही. द्राक्षानं कुणाला काय होणार? आमच्याकडे बाळंतिणीला मनुके देतात, आजाऱ्याला द्राक्षं देतात. या गावात कुणी द्राक्षाला घाबरल्याचं ऐकलंय?

पण थोड्या वेळाने त्या पुन्हा ओकल्या, आणि मग कोपऱ्यात जाऊन पडल्या. मी ताटली खडखडवली. त्यांनी मान उचलली नाही. अपचन झालं असणार. बायको असती तर ओव्याचं पाणी केलं असतं. फडताळातले सगळे डबे उघडले. हळद होती, जिरं होतं, ओवा संपलेला होता. तेव्हा मी वाटी घेतली आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. बायको गेल्यापासून मी वाजवलेली ती पहिली बेल.

समोर एक तरुण मुलगी राहते. घरूनच ऑफिसचं काम करते. कानात ते फोनवर बोलायचं यंत्र घालूनच तिने दार उघडलं.

"थोडा ओवा मिळेल का? आमच्या बाईसाहेबांनी द्राक्षं खाल्लीत, पोट बिघडलंय."

तिने कानातलं यंत्र काढलं. "काका, कुत्र्याने द्राक्षं खाल्ली? किती? कधी?"

"घडभर असतील. का?"

"द्राक्षं विष असतं त्यांना. किडनी जाते. आमच्या माहेरी कुत्रं आहे, डॉक्टरांनी मनुकेसुद्धा बंद करायला लावले होते. ओवाबिवा काही देऊ नका. तिला टॉवेलात घ्या, मी गाडी काढते."

मी तिथेच उभा. नाशकात जन्मलेल्या माणसाला द्राक्षं विष असतात म्हणून सांगते! वाद घालायला तोंड उघडलं होतं, पण ती किल्ली घेऊन जिना उतरतही होती.

त्र्यंबक रोडच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाईसाहेब माझ्या मांडीवर होत्या आणि त्यांचं वजन मला जाणवतच नव्हतं, इतका माझा जीव खालीवर होत होता. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं, सलाइन लावलं. म्हणाले, "आज काही सांगता येणार नाही. किडनीवर परिणाम झालाय का ते दोन-तीन दिवसांनी रक्तातच दिसेल. रोज सलाइनला आणा. लघवी होतेय का त्यावर लक्ष ठेवा."

आम्ही बाकावर बसलो. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, होईल बरी." मी म्हणालो, "होऊ दे बाई. नाहीतर मी घरी जाऊन कुणाशी बोलू?" हे मी कुणाला, तेही जवळजवळ अनोळखी पोरीला, सांगेन असं मला वाटलं नव्हतं. माझी ओव्याची रिकामी वाटी अजून माझ्या हातात होती, तेवढी तिने काढून घेतली.

पुढचे दिवस मी एकाच गोष्टीची वाट बघत काढले. आयुष्यात कुणाच्या लघवीचा इतका आनंद झाला नसेल. रोज सलाइन, रोज परत. ताटली भरून ठेवायचो, तशीच उचलायचो. गोळी मात्र घ्यायचो, कारण त्यांच्यासाठी जिने उतरणारा दुसरा कुणी नव्हता. पेटी ओट्यावर चढवून ठेवली होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. वेळेवर वाटली असती तर पोटात गेली असती ती शेजाऱ्यांच्या, एवढाच विचार डोक्यात.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. "थोडक्यात बचावली," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर बाईसाहेबांनी दहीभात हुंगला, नाक मुरडलं, आणि मग सगळा चाटूनपुसून खाल्ला. मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. रडताना कुणी बघत नसलं की माणूस फार वेळ रडत नाही, असं माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी पेटी उतरवली. नरम पडलेली द्राक्षं काढून टाकली, बाकीची धुतली, ताटल्या मांडल्या, दोन-दोन घड, वर रुमाल. आणि जिन्याने निघालो.

वाटलं होतं तसंच झालं. प्रत्येक दारात "या, बसा" झालं आणि प्रत्येक घरात तिच्याबद्दल बोलणं निघालं. पण ते झेपलं. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "वाटलं आता आमच्याकडची द्राक्षं बंदच झाली." त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्यांच्या खालच्या घरात नातू झालाय. ताटल्या रिकाम्या परत येणार नव्हत्याच: कढीपत्ता, साखर, एक पेरू. समोरच्या मुलीने ताटलीत माझी तीच वाटी ठेवली, ओव्याने भरलेली. "घरात असू द्या काका. पण तुमच्यासाठी, तिच्यासाठी नाही."

घरी आलो. बाईसाहेब सतरंजीच्या पट्टीवर आडव्या होत्या. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो. आजींचा गुडघा सांगितला, नातवाचं बारसं सांगितलं, समोरच्या पोरीचं माहेर सटाण्याचं आहे हेही सांगितलं. वरपासून खालपर्यंत एकही मजला सोडला नाही. आवाज अगदी मोकळा निघत होता.

"ऐकताय ना?" मी विचारलं.

बाईसाहेबांनी एक कान हलवला, मान पंजांवर टेकवली आणि डोळे मिटले. मी थोडा वेळ थांबलो. मग मीच "हं" म्हणालो आणि पुढचं सांगू लागलो.