डिंभ्याचा बटाटा आणि अळणी खिचडी

"येताना शाळेचं सामान घेऊन ये." अश्विनीच्या या एका मेसेजवर मी डिंभ्याला निघालो. दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात. पुढे ती शिकून डिंभ्याजवळच्या एका छोट्या शाळेत शिक्षिका झाली आणि मी विज्ञानात दोनदा नापास होऊन फिरत राहिलो. सामान म्हणजे एक पिशवी: लाकडी ठोकळे, लोखंडी गोळ्या, प्लास्टिकचे चेंडू, एक छोटा तराजू. काय तरंगतं आणि काय बुडतं, हे चौथीच्या पोरांना शिकवायला.

तुम्ही जाणार असाल तर रस्ता सोपा आहे. शिवाजीनगरहून सकाळची एसटी, मंचरला उतरायचं, तिथून घोडेगावमार्गे डिंभ्याची जीप. मी काय केलं? शेजारच्या सीटवरचे काका नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचं इतकं रंगवून सांगत होते की मंचर आलं आणि गेलं. थेट नारायणगावलाच उतरलो, पण पस्तावलो नाही हं. लालभडक क्रेटच्या भिंती, त्यातून वाट काढणारे टेम्पो, आणि बाजूला मिसळ. तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढचा प्रवास अवघड जाईल.

तिथून मागे मंचरकडे यायला शेअर जीप मिळाली. पिशवी टपावर बांधली. मंचरला रस्त्याकडेला कांद्याच्या गोण्यांवर एक मांजर झोपलेलं दिसलं, म्हणून फोटो काढायला उतरलो. वळून बघतो तर जीप गायब.

"डायवर हाका मारत व्हता की, पावणं," शेंगदाणेवाला म्हणाला.

"मग मला सांगायचं ना!"

"तुमी फोटू काढत व्हता. डिस्टर्ब कशाला करायचं?"

मग दुसऱ्या जीपमध्ये, कोंबड्यांच्या पाटीला मांडी देऊन, रिकाम्या हातांनी डिंभे गाठलं. घोडेगावच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि धरणाचं पाणी दिसायला लागतं. एरवी मी तिथेही उतरलो असतो.

अश्विनी ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं. "उद्या अकराला केंद्रातले सगळे शिक्षक येतायत," एवढंच म्हणाली.

केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. त्यांची दर महिन्याला बैठक होते. मागच्या बैठकीत एक गुरुजी म्हणाले होते, "डोंगरातल्या पोरांना प्रयोग-बियोग कशाला, मॅडम? पाढे पाठ झाले तरी लई झालं." त्यावर ही ताडकन म्हणाली होती, "पुढची बैठक माझ्या शाळेत घ्या. माझी पोरं करून दाखवतील."

"मला हसले तर हसू देत," ती म्हणाली. "पण पोरांच्या तोंडावर हसतील रे."

माझा मुक्काम शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हिरामावशींकडे. धरणातल्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. यासाठी तरी जाच. अश्विनीही जेवायला होती, पण तिचा घास उतरत नव्हता. मी धीर द्यायला गेलो. "एवढं काय त्यात? जड बुडतं, हलकं तरंगतं. सांगून टाक."

मावशींची मुलगी छाया चौथीत आहे; तिचे वडील, आप्पा, धरणात मासे धरतात. ती काटे काढता काढता म्हणाली, "मंग आमच्या आप्पाची व्हडी का न्हाई बुडत?"

मी दोनदा नापास उगाच झालो नव्हतो.

"बाई," छाया पुढे म्हणाली, "आप्पा भाताच्या बियाला मीठ-पानी करत्यात, ते करायचं का?"

पेरणीआधी इथले शेतकरी पाण्यात बटाटा टाकतात आणि तो वर येईपर्यंत मीठ घालतात. मग त्या पाण्यात बी ओततात. पोकळ दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे. अश्विनीने ताट सरकवलं आणि लोणच्याची रिकामी बरणी मागितली. पाच-सहा मुठी मिठात बटाटा वर! मग तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी घोळ घातला तो मी. "मागच्यांना बरणी कशी दिसणार?" म्हणून शाळेतला वरून कापलेला पाण्याचा मोठा पारदर्शक जार काढला आणि अर्धा भरला.

अकरा वाजता पाहुणे बसले. छायाने बटाटा सोडला, तो तळाला गेला. पोरांनी मीठ टाकलं, उलथन्याने ढवळलं. बटाटा तळाशी. पुन्हा मीठ. तळाशीच. किलोचा पुडा संपला. पाढेवाले गुरुजी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले आणि दोघं हसले. अश्विनीने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, जीपच्या टपावर बसून निघून जावं.

"पानी लई झालंय, बाई," छाया म्हणाली. "मीठ कमी पडतंय."

मावशी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात शेवटचा पुडा. "आन् खिचडीत काय घालू, माती?" असं म्हणत त्यांनीच तो दाताने फोडला आणि जारात रिकामा केला.

ढवळलं. पाणी थांबलं. बटाटा हलला, तळ सोडला, आणि डुलत डुलत वर आला. पोरांनी जो गिल्ला केला!

गुरुजी हार मानणारे नव्हते. "काय गं, बटाटा हलका झाला का?"

"न्हाई गुरुजी. बटाटा हाय तेवढाच हाय. पानी जड झालं."

"कशावरून?"

छाया पळत घरी गेली आणि आप्पांचा मासळीचा तराजू घेऊन आली. दोन्ही पारड्यांत सारखेच पेले. एकात साधं पाणी, एकात जारातलं, काठोकाठ. मिठाच्या पाण्याचं पारडं खाली गेलं. गुरुजींनी पेले अदलाबदल करून पाहिले. तरी तेच. मग त्यांनी वाकून स्वतः पेन्सिल काढली आणि वहीत तराजूचं चित्र काढलं. अश्विनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

दुपारी सगळ्यांनी अळणी खिचडी खाल्ली. गुरुजींनी दोनदा घेतली.

परतताना मंचरला पिशवी शेंगदाणेवाल्याकडे सापडली. "जीपवाला ठिवून गेला. म्हटलं, मांजर हितंच हाय, पावणं येतील." पिशवी डिंभ्याच्या जीपने वर पाठवली आणि यावेळी गाठ मी स्वतः बांधली.

आता पुण्यात, घरी. फोटो चारच आले, त्यातले तीन मांजराचे. पण काल अश्विनीचा निरोप आला. पुढची बैठकही तिच्याच शाळेत, गुरुजींनीच सुचवलं, आणि प्रत्येकाने आपापलं मीठ आणायचं ठरलंय. शिवाय छायाने विचारलंय, साखरेच्या पाण्यात बटाटा वर येईल का? मावशींनी साखरेचा डबा कुलपात टाकलाय.

मला उत्तर माहीत नाही. बटाटा धुऊन ठेवलाय. आई बाजारातून यायच्या आत बघतो, घरात साखर किती आहे ते.